चेरी कोळंबीच्या टँकमधलं पाणी बदलताना

माशांच्या टँकमधलं निम्मं पाणी दर रविवारी उपसून त्यात नळाचं ताजं पाणी सोडणारे पुष्कळ जण आहेत, आणि त्यांचे गप्पी-मॉली त्यावर मजेत जगतात. तीच सवय कोळंबीच्या टँकला लावली की दोन दिवसांनी एक, चौथ्या दिवशी तीन, अशा कोळंब्या आडव्या पडायला लागतात. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. मग दोष दुकानदाराला दिला जातो, नाहीतर खाण्याला. खरं कारण बहुतेक वेळा बादलीत असतं.

इथे लिहिलंय ते चेरी कोळंबीबद्दल, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडायबद्दल. दुकानात रेड चेरी, ब्लू ड्रीम, यलो अशा नावांनी मिळतात त्या सगळ्या याच एका जातीच्या, फक्त रंग निवडून वाढवलेल्या. क्रिस्टल रेड वगैरे कॅरिडिना वेगळ्या. त्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं आणि त्या चुका माफ करत नाहीत, म्हणून नवख्याने चेरीवरच हात बसवावा. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची, नुकतं जन्मलेलं पिल्लू दीड-दोन मिलिमीटरचं, जवळ्याहूनही बारीक. पुढच्या अर्ध्या सूचना या आकारामुळेच कराव्या लागतात.

पाणी बदलल्यावर नेमकं काय बिघडतं

दोन गोष्टी बिघडतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एक विष, दुसरी धक्का.

विष म्हणजे क्लोरीन, तांबं, कीटकनाशक. याचा परिणाम काही मिनिटांत किंवा काही तासांत दिसतो. कोळंब्या एकदम सैरावैरा पोहायला लागतात, पाण्याच्या पृष्ठभागाकडे धावतात, मग तळाला पडून पाय हलवत राहतात.

धक्का जास्त फसवा. कोळंबीचं कवच वाढत नाही, त्यामुळे ती ठरावीक दिवसांनी कात टाकते. मोठी कोळंबी साधारण ३-४ आठवड्यांनी, पिल्लं आठवड्याभरातच. आत नवं मऊ कवच तयार झालं की ती पाणी शोषून फुगते, जुनं कवच मानेपाशी उकलतं आणि एका झटक्यात ती बाहेर पडते. आता टँकमधलं पाणी क्षारांच्या दृष्टीने अचानक पातळ झालं, तर पाणी शरीरात जास्त शिरतं आणि तयारी पूर्ण होण्याआधीच कात टाकायची वेळ येते. जुनं कवच मानेपाशी न उकलता मधोमध गोल फाटतं, पांढरं कडं दिसायला लागतं, आणि कोळंबी त्यातच अडकून मरते. हे पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांनी, कधी चौथ्या दिवशी घडतं. तोवर रविवारची बादली कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

म्हणून कोळंबीच्या टँकचा नियम एवढाच: नवं पाणी जुन्यासारखं असावं, थोडं असावं आणि सावकाश जावं. बाकीचं सगळं हे तीन शब्द कसे पाळायचे याचा तपशील.

तुमच्याकडे कोणतं पाणी येतं

चेरीला सोयीचे आकडे असे: तापमान २२ ते २६ अंश, पीएच ६.८ ते ७.८, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६ ते १०, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) २ ते ६, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) १५० ते २५०. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २०च्या आत. टीडीएसचं मीटर पेनाएवढं असतं, ते घ्याच. पण मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधं मीठ किती हे सांगत नाही. कवच बनतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियमवर, म्हणजे जीएचवर. तेव्हा थेंब मोजायचं जीएच-केएचचं किटही लागतं. हे दोन्ही नसताना ज्या कोळंब्या जगतात त्या नशिबावर जगतात.

सह्याद्रीतल्या धरणांचं आणि तलावांचं पाणी एकंदर मऊ. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथे नळाला येणाऱ्या पाण्याचा जीएच अनेकदा ४-५च्या खाली भरतो. तिथे श्रिंपसाठी मिळणारे जीएच वाढवणारे क्षार मोजून घालावे लागतात. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेनाचा तुकडा टँकमध्ये टाकून ठेवला तरी थोडी मदत होते, पण तो फार सावकाश विरघळतो आणि मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका.

मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे किंवा शहराबाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये बोअरचं पाणी असेल तर प्रश्न उलटा. टीडीएस ७००-९०० किंवा त्याहून वर. असं पाणी आरओच्या पाण्यात मिसळून वापरावं. हिशेब सोपा: बोअर ९००, आरओ ४० आणि हवेत २००, तर १० लिटरमध्ये बोअरचं १.९ लिटर आणि आरओचं ८.१ लिटर. मिसळल्यावर मीटर लावून बघा आणि जीएचही मोजा, कारण खारट बोअर असेल तर टीडीएस २०० येऊनही जीएच ३वरच अडकलेला असतो.

टँकरचं पाणी नकोच. आज एका विहिरीचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. दुसरा पर्याय नसेल तर प्रत्येक खेपेला टीडीएस, जीएच, पीएच तिन्ही मोजायचं.

आरओच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या. एक, आरओमधून वाया जाणारं पाणी जपून वापरायची सवय चांगली आहे, पण ते झाडांना; त्यात मूळ पाण्याचे क्षार आणखी दाट झालेले असतात. दोन, हल्ली अनेक प्युरिफायर पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात आणि त्याचीच जाहिरात होते. माणसाला चालतं, कोळंबीला नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं आहे. म्हणजे मानकानुसार पिण्यालायक असलेल्या पाण्यातही कोळंबी मरू शकते. गंमत अशी की तिच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं. घात करतं ते कल्ल्यांवाटे आत शिरणारं पाण्यातलं सुटं तांबं. त्यामुळे तांब्याच्या कळशीतलं पाणी, बंबातलं पाणी, गिझरचं पाणी यांतलं काहीही टँकमध्ये नको. अनेक गिझरच्या आतली टाकी किंवा कॉइल तांब्याची असते आणि रात्रभर साचलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा तेच बाहेर येतं. थंडीत बादली कोमट करायला तांब्याभर गिझरचं पाणी घालणं ही नेहमीची चूक.

इमारतीच्या टाकीत काय घातलं जातं, हेही माहीत हवं. गावाकडे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, शहरात टाकी धुतल्यावर क्लोरीन. पावसाळ्यात आणि साथीच्या दिवसांत डोस वाढतो. शिवाय डेंग्यूच्या हंगामात आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात डासांच्या अळ्या मारायला अॅबेट टाकतात. त्यातलं अळी मारणारं टेमेफॉस कोळंबीलाही मारतं आणि ते उभं ठेवून उडत नाही, क्लोरीन काढायच्या औषधानेही जात नाही. टाकीत अॅबेट पडल्याचं कळलं तर निदान महिनाभर ते पाणी वापरू नका, आरओत क्षार घालून काम चालवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय असेल तर तेही पाणी बाजूला ठेवा. तुरटी केएच खाते आणि पीएच खाली ओढते.

किती आणि कधी

आधी टँकमध्ये खरं पाणी किती आहे ते काढा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे कागदावर ५६ लिटर. वाळू, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की साधारण ४५ लिटर उरतं. आठवड्याला १० टक्के, म्हणजे साडेचार लिटर, पुरे. झाडं भरपूर आणि कोळंब्या कमी असतील तर पंधरा दिवसांनी केलं तरी चालतं. २० टक्क्यांच्या वर एका वेळी जाऊ नका.

हा कंजूषपणा का, ते आकड्यांत बघा. टँकचा टीडीएस २२०, नळाचा १२०. ५ लिटर बदललं तर टँक २०९वर येतो. कोळंबीला पत्ताही लागत नाही. २० लिटर बदललं तर तोच टँक १७६वर येतो. एका झटक्यात ४४ अंकांची घसरण, आणि कात टाकायची घाई इथूनच सुरू होते. नवं पाणी टँकच्या टीडीएसच्या ३० अंकांच्या आत आणून ठेवलं की ही भीती जवळजवळ संपते.

टँक नवा असेल, म्हणजे घाण तोडणारे जीवाणू अजून वाढलेले नसतील, आणि अमोनिया दिसत असेल, तर पाणी बदलणं हा खरा इलाज नाही. कोळंब्या घाईने आणल्या गेल्या, हे खरं कारण आहे. तरी आता आणल्याच असतील तर रोज १० टक्के, खालच्या पद्धतीने, आणि खाणं आठवड्यातून दोनदाच, चिमूटभर.

आदल्या दिवशी

फक्त टँकसाठी एक पांढरी बादली ठेवा. फरशी पुसायची, कपडे भिजवायची बादली कितीही धुतली तरी नको. फिनेल आणि साबण प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत बसून राहतात. नवी बादली नुसत्या पाण्याने तीनचारदा धुवा.

सकाळी नळ दोन मिनिटं वाहू द्या आणि मग साडेपाच-सहा लिटर पाणी भरून बादली टँकच्या शेजारीच ठेवा. शेजारीच का, तर रात्रभरात दोन्ही पाण्यांचं तापमान आपोआप एक होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतकं तापतं आणि डिसेंबरात पहाटे बर्फासारखं असतं. थेट नळाचं पाणी सोडणाऱ्यांना इथेच फटका बसतो. फरक एका अंशाच्या आत ठेवा, फार तर दोन.

बादलीत हवेच्या पंपाला जोडलेला एक हवेचा दगड (एअरस्टोन) सोडून ठेवला तर २४ तासांत क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोर, म्हणजे क्लोरीन काढायचं तयार औषध, वापरा, किंवा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १० ग्रॅम खडे विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर करा आणि त्यातलं २ मिलिलिटर १० लिटरला घाला. लिटरला पावणेतीन मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन एवढ्यात मरतो. वरच्याच मानकात नळापाशी उरणारा क्लोरीन किमान ०.२ आणि जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम धरला आहे, म्हणजे हा डोस पावसाळ्यातल्या जादा क्लोरीनलाही पुरतो. द्रावण गडद बाटलीत, दोन-तीन महिन्यांपुरतंच करून ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक ध्यानात घ्यावं: तिथे बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामीन असतं, ते बादली उघडी ठेवून जात नाही आणि हायपोने तोडलं तर अमोनिया सुटतो. तिथे अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनरच लागतं.

जीएचचे क्षार घालायचे असतील तर ते बादलीत, ढवळून, मीटरवर आकडा बघत. टँकमध्ये कोरडे क्षार कधीही टाकू नयेत. कोळंबीला ते खाणं वाटतं आणि ती थेट त्या ढिगाऱ्यावर जाऊन बसते.

पाणी काढणं

१. हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवा. डासांचं क्रीम, सॅनिटायझर, परफ्यूम लावलेला हात टँकमध्ये जाता कामा नये.

२. फिल्टर बंद करा. हीटर असेल तर तो दहा-पंधरा मिनिटं आधीच बंद. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते.

३. टँकच्या एका कोपऱ्यात खाण्याची एक छोटी गोळी टाका आणि पाच मिनिटं थांबा. मोठ्या कोळंब्या तिथे गोळा होतात, तुम्ही दुसऱ्या टोकाला काम करू शकता. पिल्लं मात्र येत नाहीत, ती शेवाळात आणि मॉसमध्येच असतात.

४. माशांच्या टँकचा जाड सायफन बाजूला ठेवा. हवेच्या पंपाची ४ मिलिमीटरची नळी घ्या. नुसतं पाणीच कमी करायचं असेल तर नळीच्या तोंडाला बारीक स्पंजचा तुकडा रबरबँडने बांधा, की प्रश्न मिटला. तळाची घाण उचलायची असेल तर स्पंज तुंबतो. तेव्हा नळी उघडीच ठेवावी लागते आणि पिल्लं ओढली जाण्याचा धोका पत्करावा लागतो, म्हणून एका वेळी तळाचा एक तृतीयांश भागच घ्या. नळी वाळूत खुपसू नका, एक सेंटीमीटर वर धरा. काळी विष्ठा आपणहून वर उचलली जाते.

५. मॉसच्या गड्ड्याजवळ, लाकडाच्या खाली, मागच्या काचेवरच्या हिरव्या थराशी नळी नेऊ नका. तो थर घाण वाटतो, पण पिल्लांचा तो जेवणाचा डबा आहे. पुढची काच घासा, मागची आणि बाजूच्या दोन राहू द्या.

काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत किंवा आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात घ्या आणि लगेच फेकू नका. वीस मिनिटं स्थिर ठेवा. घाण खाली बसते. मग खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्च मारा. पिल्लू पारदर्शक असतं, त्याचं अंग दिसतच नाही. दिसतात ते डोळ्यांचे दोन काळे ठिपके, आणि ते ठिपके मधूनच एकत्र मागे उडी मारतात. विष्ठेचा कण तसा उडी मारत नाही. एकदा नजर बसली की एका बादलीत सात-आठ पिल्लं सापडणं नवलाचं नाही. मेडिकलमधून आणलेल्या २० मिलिलिटरच्या बिनसुईच्या सिरिंजने ती पाण्यासकट ओढून टँकमध्ये सोडा, बोटाने किंवा जाळीने पकडू नका. एवढं करून उरलेलं पाणी कुंडीत ओता. तुळशीला ते फार मानवतं.

फिल्टरचा स्पंज दर वेळी धुवायची गरज नाही. प्रवाह मंदावला तरच, महिना-दीड महिन्याने. धुवायच्या आधी तो काढलेल्या पाण्यात हलकेच दोनदा बुडवून हलवा, स्पंजवर चिकटलेली पिल्लं खाली उतरतात. मग त्याच पाण्यात दाबून पिळा. नळाखाली धरलात तर घाण तोडणारे जीवाणू क्लोरीनने मरतात आणि चार दिवसांनी अमोनिया चढतो. काचेला लटकवायचा फिल्टर असेल तर त्याच्या डब्यातही टॉर्च मारून बघा. तिथे कोळंब्या महिनोन्महिने आरामात राहतात.

पाणी सोडणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच तांब्या ओतायचा मोह होतो.

आधी नव्या पाण्याचं तापमान आणि टीडीएस टँकशी ताडून बघा. जुळलं की बादली टँकपेक्षा फूटभर उंच, स्टुलावर किंवा कपाटावर ठेवा. हवेचीच नळी, तिच्या एका टोकाला प्लॅस्टिकचा छोटा कॉक. दुसरं टोक बादलीत सोडून कपड्याच्या चिमट्याने काठाला अडकवा, नाहीतर नळी निसटून फरशीवर येते. कॉककडून ओढून पाणी सुरू करा आणि धार अशी जुळवा की २०० मिलिलिटरचा पेला चार मिनिटांत भरेल. म्हणजे मिनिटाला ५० मिलिलिटर, आणि साडेचार लिटर दीड तासात. पेला आणि घड्याळ घेऊन पहिल्यांदा मोजाच. डोळ्यांना जी धार बारीक वाटते ती सहसा तिप्पट जाड असते.

बादलीत जेवढं सोडायचं तेवढंच पाणी ठेवा, जास्तीचं आधी काढून घ्या. मग तुम्ही विसरून भाजी आणायला गेलात तरी टँक ओसंडून खालच्या मजल्यावर पाणी जाणार नाही. धार सुरू झाल्यावर, फिल्टरच्या नळीची टोकं बुडालेली आहेत आणि हीटर पुन्हा पाण्याखाली गेलाय हे बघून, फिल्टर लगेच चालू करा. दीड तास तो बंद ठेवायचं कारण नाही.

सलाइनचा सेट वापरायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. ती चांगली आहे, पण दुसऱ्या कामाला. नव्या सेटची सुई आणि टोचायचं टोक कापून टाका, चाकाच्या क्लँपने थेंब जुळवा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे सेकंदाला दोन थेंब पडले तर तासाला ३६० मिलिलिटर. दुकानातून आणलेल्या नव्या कोळंब्यांना डब्यात ठेवून दोन-तीन तासांत टँकच्या पाण्याची सवय लावायला हा वेग नेमका. साडेचार लिटर सोडायला मात्र साडेबारा तास लागतील.

पाणी सोडल्यावर

पंधरा मिनिटं टँकसमोर बसा. शांतपणे वेचत, चरत फिरणाऱ्या कोळंब्या दिसल्या की काम नीट झालं.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी एखाद-दुसरी पोकळ कात दिसेल. नवखे तिला मेलेली कोळंबी समजून घाबरतात. कात पारदर्शक असते, हलकी, मानेपाशी फाटलेली. मेलेली कोळंबी गुलाबी, अपारदर्शक, उकडल्यासारखी दिसते. कात काढू नका, कोळंब्या ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. मेलेली मात्र लगेच काढा.

दुसरा फसवा देखावा म्हणजे चार-पाच कोळंब्या वेड्यासारख्या पोहतायत. त्या सगळ्या लहान, फिकट रंगाच्या आहेत का आणि मोठ्या, गडद माद्या निवांत चरतायत का ते बघा. तसं असेल तर ते नर आहेत, एखाद्या मादीने नुकतीच कात टाकलीय आणि ते तिला शोधतायत. पाणी बदलल्यावर हे हमखास होतं, आणि महिन्याभराने पिल्लं दिसतात. माद्याही धावत असतील, पिल्लंही वर येत असतील, तर ते विष.

विषाचा संशय आला तर क्रम असा. हवेचा पंप पूर्ण सुरू करा. क्लोरीन असण्याची शक्यता असेल तर संपूर्ण टँकच्या हिशेबाने अँटिक्लोर किंवा हायपो थेट टाका. थोडा जास्त पडला तरी कोळंबीला चालतो, क्लोरीन चालत नाही. तांबं किंवा कीटकनाशक वाटत असेल तर फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा, आणि हाताशी खात्रीचं, जुळवलेलं पाणी असेल तर ३०-४० टक्के बदला. एरवी टाळायचा मोठा बदल इथे करायचा, कारण धक्क्याने काही मरतील, विषाने सगळ्या. शंकेच्या बादलीचंच आणखी पाणी ओतू नका. आणि पांढरं कडं पडलेली कोळंबी चिमट्याने सोडवायच्या भानगडीत पडू नका. हाताळून ती वाचत नाही. तिच्यासाठी नाही, उरलेल्यांसाठी जीएच मोजा.

उडालेलं पाणी भरणं

उन्हाळ्यात, विशेषतः टँकवर पंखा लावला असेल तर, पाण्याची पातळी भराभर उतरते. दोन फुटी टँकमध्ये एक सेंटीमीटर उतरलं की १.८ लिटर गेलं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. ती तूट नळाच्या पाण्याने भरत गेलात तर टीडीएस दर आठवड्याला चढतो, दोन महिन्यांत २०० चा ३५० होतो, आणि मग कुणीतरी एकदम अर्धं पाणी बदलतं. तूट भरायची ती क्षार न घातलेल्या आरओच्या पाण्याने, तीही रोज थोडी. पाणी बदलायच्या दिवशी आधी ही तूट आरओने भरा, तासाभराने टीडीएस मोजा, मग १० टक्के काढा. उलट क्रमाने केलं तर मीटर खोटं बोलतं.

काचेवर पातळीची एक रेघ मार्करने मारून ठेवा. शेजारी एक वही: तारीख, टीडीएस, तापमान, किती लिटर, मेलेल्या किती. सोसायटीने टाकी धुतली, मजल्यावर पेस्ट कंट्रोल झालं, गल्लीत धुराची गाडी फिरली, हेही त्यातच. धुराच्या दिवशी खिडक्या लावून टँकवर ओला पंचा टाका आणि हवेचा पंप तासभर बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नका. चार-पाच दिवस आधी बदला, म्हणजे काही बिघडलं तर ते तुमच्या डोळ्यांसमोर बिघडेल. शेवाळ असलेल्या टँकमधल्या कोळंब्या दहा दिवस काही न घालता राहतात. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल तर आरओच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवा आणि रेघेपर्यंत भरा एवढंच सांगा. खाण्याचा डबा लपवून ठेवा.